तहान मारायची रीत

लग्नानंतर मी पहिल्यांदा सासूबरोबर बोईसरला मासळी विकायला बसले, त्या सकाळीच तिने मला धंद्यातलं बरंचसं शिकवून टाकलं. पापलेटं कशी मांडायची, बर्फ कुठून कुठे सारायचा, घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाकडे न बघता बोंबलांवर पाणी शिंपडत कसं राहायचं. सगळं सांगून झाल्यावर तिने कमरेच्या चंचीतून एक लवंग काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

“ही तोंडात ठेव. चावू नको. तहान लागत नाय.”

“पण तहान लागली तर पाणीच प्यावं ना, आई?” मी म्हटलं. शेजारी बसलेल्या दोघीतिघी माझ्याकडे बघून हसल्या. मी शिरगावची, बारावी शिकलेली, माहेरी मासळी वाळत घालण्यापलीकडे धंद्यात कधी हात न घातलेली. मला काय कळणार?

दुपारपर्यंत कळलं. आमची जागा मार्केटात नव्हती. बाहेर रस्त्याच्या कडेला, एका भांड्यांच्या दुकानासमोर होती. ती सासूच्या सासूपासून आमच्याकडे चालत आलेली, आणि सासू तिच्याबद्दल बोलायची ते सातबाऱ्यावर नाव असल्यासारखं. तिथे बसून पाणी प्यायलं की उठावं लागणार, आणि उठून जायचं कुठे? पुरुषांना कुठलीही भिंत पुरते. आम्ही पार स्टेशनापर्यंत चालत जायचं, रांगेत उभं राहायचं, परत यायचं. तोवर रात्रपाळी सुटून आलेली कारखान्यातली गिऱ्हाइकं निघून गेलेली आणि पाटीवर कावळे उतरलेले. त्यापेक्षा पाणीच नको. पहाटे घरून निघताना अर्धा कप चहा, आणि मग दुपारी पाम गावाच्या पुढे, समुद्राकाठच्या आमच्या गावात परत पोचेपर्यंत घशाखाली काही नाही.

याचं त्या बायकांना वाईट वाटत होतं असं नाही. उलट त्यांना त्याचा अभिमान होता. अमकी बाई सकाळची बसली की हलत नाही, हे त्या कौतुकाने सांगायच्या, आणि त्यात माझ्या सासूचा नंबर पहिला. जी मध्येच उठायची तिला ऐकून घ्यावं लागायचं. “हिला काय नल लावलाय गो?” सुरुवातीला मलाही ऐकावं लागलं. माझा स्वभाव मुळात हट्टी, कुणी हसलं की मी त्याच गोष्टीच्या मागे लागते. थोड्याच दिवसांत मीही दुपारपर्यंत जागची हलेनाशी झाले, आणि मला कुणी लवंग द्यायचीही गरज उरली नाही.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. आमच्या घरात पाचव्या महिन्यात गुपचूप ओटी भरतात आणि तोवर बाहेर कुणाला ताकास तूर लागू देत नाहीत. दवाखान्यात नाव घालायचं तेही त्यानंतरच. “त्याच्या आदी काय दिसनार हाय त्यांना?” असं सासू म्हणाली, आणि ती एकटीच असं म्हणत होती असं नाही, आमची सगळी आळीच म्हणायची. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण मला काही होतच नव्हतं. उलट्या नाहीत, पायांना सूज नाही, कुठे दुखणं नाही. ओटी भरली, मग नाव घातलं. तिथे लोहाच्या गोळ्या दिल्या, रक्त-लघवी तपासायला सांगितली. मासळीचा हंगाम भरात होता. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता सातवा लागला आणि एका दुपारी, घरी भांडी घासत असताना, कळा सुरू झाल्या.

मुलगा झाला. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि इतक्या नळ्या लावल्या होत्या की तोंड धड दिसायचं नाही. त्याला अजून नीट श्वास घेता येत नव्हता. काही दिवस तो टिकला, मग गेला.

मला आधी राग आला, दुःख नंतर आलं. राग नक्की कुणावर हे सांगता येईना, म्हणून मी तो सगळ्यांवर काढला. नवऱ्यावर काढला, ओटी भरायला आलेल्या बायकांवर काढला, आणि सगळ्यात जास्त सासूवर काढला. आमच्याकडे सासूला आईच म्हणतात आणि अगंतुगंही चालतं, त्यामुळे भांडायलाही सोपं जातं. पण एरवी उभ्या बाजाराला गप्प करणारी ही बाई तेव्हा एका शब्दानेही उलटून बोलली नाही. मी बोलत राहिले आणि ती तांदूळ निवडत राहिली.

दवाखान्यातून घरी सोडताना तिथल्या डॉक्टरणीने मला समोर बसवून घेतलं. माझ्याच वयाची असेल. म्हणाली, “असं का झालं ते आता मला सांगता येणार नाही. तपासण्याच झालेल्या नाहीत, तर कशावरून सांगू? पण पुढच्या वेळी थांबू नका. पाळी चुकली की लगेच या.” ती रागावलेली नव्हती, आणि मला त्या दिवशी रागावलेलं चाललंही नसतं.

पुढच्या वेळी पाळी चुकली तेव्हा पावसाळा होता. बोटी किनाऱ्याला लागल्या होत्या, नवरा पडवीत जाळं दुरुस्त करत होता, आणि आम्ही दोघी सुकी मासळी घेऊन बाजारात बसत होतो. मी सासूला सांगून टाकलं, “उद्या मी दवाखान्यात जाणार.”

“उद्या? अजून धड राहिलाय का नाय त्याचा पत्ता नाय. पाचव्यात जाऊ.”

“पाचव्यात गेलं की सातव्यात जातं,” मी म्हटलं.

नवऱ्याचा हात जाळ्यावर थांबला. बोलून गेल्यावर मलाही वाटलं की हे जास्त झालं. सासू उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले तर ती ठेवणीतलं लुगडं नेसून दाराशी उभी. बोईसरच्या रिक्षात तीही माझ्याबरोबर बसली.

दवाखान्यात तीच डॉक्टर होती. तिने मला ओळखलं, पण मागचं काही काढलं नाही. वजन केलं, रक्तदाब बघितला, रक्त घेतलं, लघवी तपासायला पाठवली. सोनोग्राफीची तारीख दिली आणि म्हणाली, “बाळाचं वय आत्ता लवकर बघितलं की नीट कळतं. उशीर झाला की अंदाज चुकतो. मग कळा आल्या तर त्या वेळेवर आल्या की आधी, तेही धड सांगता येत नाही.” सासूने माझ्याकडे बघितलं. मागच्या वेळी सातवा की आठवा, यावर आळीत दोन तट पडले होते.

लघवीच्या तपासणीत जंतू निघाले. मी जवळजवळ भांडायलाच उठले. “मला काही त्रास नाही. जळजळ नाही, ताप नाही, काही नाही.”

“पुष्कळ बायकांना त्रास होतच नाही,” डॉक्टर म्हणाली. “आत जंतू वाढत राहतात आणि बाईला पत्ता नसतो. म्हणून तर लवकर बोलावतो. तसंच राहिलं तर ते वर मूत्रपिंडापर्यंत जातं, आणि त्यातून वेळेआधी कळा सुरू होऊ शकतात. या गोळ्या पोटातल्या बाळाला चालतात. सगळ्या संपवायच्या. बरं वाटतंय म्हणून मध्येच बंद करायच्या नाहीत.” शेवटचं वाक्य तिने सासूकडे बघून म्हटलं. सासूला ते लागलं. बाहेर आल्यावर म्हणाली, “मी कशाला बंद करू? मी काय दुस्मन हाय?”

गोळ्या संपल्या, तपासणी चांगली आली, आणि पुढच्या महिन्यात जंतू पुन्हा हजर. पहिल्या वेळी निदान काही माहीत नव्हतं. आता सगळं माहीत असून ते पुन्हा आमच्या वाटेला येतंय असं वाटायला लागलं. डॉक्टरने कागद बाजूला ठेवला आणि मला विचारलं, “पाणी कधी पिता?”

“घरी गेल्यावर.”

“म्हणजे कधी?”

“दुपारी.”

“आणि लघवीला?”

मी काही बोलायच्या आत मागून सासूनेच उत्तर दिलं, तेही ताठ मानेने. “आमच्यात सगल्यांचा तसाच हाय, मॅडम. मी तर चालीस वरसां बाजारात बसतंय. एकदा पन मदी उठली नाय.”

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, सासूला ओरडणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं ते चांगलं ठाऊक आहे. पण ती शांतपणे म्हणाली, “आजी, गोळ्यांनी हे मी पुन्हा बरं करीन. पण ती रोज पहाटेपासून दुपारपर्यंत कोरडी बसली आणि लघवी धरून ठेवली, तर हे पुन्हा होईल. तिचं एक बाळ आधीच लवकर आलंय. तिला पाणी प्यायला पाहिजे आणि जायला जागा पाहिजे. ती जागा माझ्या औषधात नाही.”

घरी मी सांगून टाकलं की मी उद्यापासून बाजारात येत नाही. ते बोलायला सोपं होतं. बोटी पुन्हा सुरू झाल्या होत्या आणि आमचा धंदा दोघींचा, एक विकणार आणि एक मासळी कापून साफ करून देणार. कारखान्यातल्या लोकांना तयार मासळी लागते, ती मिळाली नाही तर ते पुढच्या पाटीकडे जातात. सासू म्हणाली, “दोन दिस थांब.” मी थांबले, पण मनातून धुमसत होते. इतकी साधी गोष्ट, पाणी पिणं आणि जाऊन येणं, आणि त्यावर माझ्या बाळाचं सगळं टांगलेलं. 

भांड्यांच्या दुकानाचा शेठ आणि माझी सासू यांचं जुनं वैर. आमच्या पाट्यांचं पाणी त्याच्या पायरीकडे वाहायचं. तो रोज सकाळी बादलीभर फिनेलचं पाणी पायरीवर ओतायचा, ते आमच्या पाट्यांखाली यायचं. दोघं एकमेकांशी थेट कधी बोलत नसत. तो त्याच्या नोकराला ऐकवायचा आणि ही तिच्या बोंबलांना. मासळीवालीच्या नाकावर माशी बसत नाही हे ऐकायला विचित्र वाटेल, पण माझ्या सासूच्या खरंच बसत नाही. तिने आयुष्यात कुणाकडे काही मागितल्याचं मी ऐकलेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी गर्दी ओसरल्यावर ती जागेवरून उठली. तिचं उठणं हीच बाजारात बातमी होती, शेजारणींच्या माना वळल्या. तिने बर्फाच्या पाण्याने हात धुतले, लिंबाची फोड चोळली, पदराला पुसले. दुकानाच्या पायरीवर चपला काढल्या आणि आत गेली. काचेतून मला रचून ठेवलेली पातेली दिसत होती आणि त्यांच्या मध्ये ती. काय बोलली ते ऐकू आलं नाही. तिने हात जोडले नाहीत, पण तिची मान खाली होती. मला ते बघवेना. मी विळीकडे बघत मांदेली साफ करत राहिले आणि एक बोट कापून घेतलं.

थोड्या वेळाने शेठची बायको बाहेर आली. ती गल्ल्यावर बसायची, आम्ही तिला ‘भाभी’ म्हणायचो, पण म्हणायची वेळ फारशी आलेली नव्हती. तिने मला विचारलं, “कितवा?”

“चौथा लागलाय.”

“बाथरूम दुकानाच्या मागे आहे. गल्लीतून दार ढकलून जायचं, दर वेळी विचारायची गरज नाही. तिथल्याच चपला घाला.” मग जाता जाता म्हणाली, “माझीही एक मुलगी अशीच लवकर झाली होती. आता कॉलेजात जाते. पण ते दिवस आठवले की अजून बसल्या जागी घाम फुटतो.”

आतून शेठ म्हणाला, “आणि ते मासळीचं पाणी पायरीकडे येऊ देऊ नका म्हणावं.”

“नाय येनार, शेट,” सासू म्हणाली. इतक्या वर्षांत ती त्याच्याशी पहिल्यांदा थेट बोलली.

त्या दिवसापासून ती पाटीखालचं पाणी बादलीत धरायची आणि पार कोपऱ्यावरच्या गटारात नेऊन ओतायची. बायकांनी सोडलं नाही. “मावशी, शेटकडं पगार चालू झाला काय?” ती म्हणायची, “तुज्या सुनेला दिवस जाऊ दे, मंग तुजापन चालू करतंय.” आणि मला पाणी पाजायचं काम तिने स्वतःकडे घेतलं. कारखान्यातला कुणी येऊन विचारायचा, “मौसी, सुरमई कैसे दिया?” तर ती हात वर करायची. “रुक. पैले ये पानी पियेगी.” तो बिचारा थांबायचा. मी सगळ्यांसमोर तांब्याभर पाणी प्यायचे, मग सुरमईचा भाव फुटायचा. मला भयंकर लाज वाटायची, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटायचं.

पुढच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. रक्त कमी होतं तेही गोळ्यांनी वाढलं. तरी सातवा लागला तशी मी एकेक दिवस मोजायला लागले. सासूने माझं पाटी उचलणं कधीच बंद केलं होतं, आता विळीही काढून घेतली. मी नुसती बसून पैसे घेत होते. अशाच एका सकाळी पोट दगडासारखं झालं, सैल पडलं, पुन्हा झालं. मी सासूकडे बघितलं. तिने भरलेली पाटी तशीच शेजारणीच्या पुढ्यात सरकवली आणि शेठच्या नोकराला रिक्षा आणायला पिटाळलं.

दवाखान्यात डॉक्टरने पोटावर हात ठेवून बघितलं, आतून तपासलं, लघवी पुन्हा तपासली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, त्यावर काहीच दिसेना. शेवटी ती म्हणाली, “पिशवीचं तोंड बंद आहे. जंतू नाहीत. बाळाचं वय आपल्याला पक्कं माहीत आहे, त्यामुळे काय करायचं तेही माहीत आहे. आज इथेच ठेवते आणि लक्ष ठेवते.” संध्याकाळपर्यंत पोट सैल पडलं. सासू तोवर स्टुलावरून उठली नव्हती. मला वाटतं, त्या दिवशी तीच जास्त घाबरली होती.

मी नंतर बाजारात गेले नाही. आठवा सरला, नववा लागला, आणि दिवस पूर्ण भरल्यावर, उन्हाळा सुरू होताना, त्याच दवाखान्यात मला मुलगी झाली. तिने पहिल्याच फटक्यात असा गळा काढला की बाहेर व्हरांड्यात नवऱ्याला ऐकू गेलं. पेटी नाही, नळ्या नाहीत. तिला माझ्या छातीवर ठेवलं तेव्हा माझ्या जिवात जीव आला, आणि मग मी रडले, ते पहिल्या बाळासाठीही रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर बघायला आली. सासू खाटेच्या कडेला मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. डॉक्टर मला तपासून निघाली, तशी ती म्हणाली, “मॅडम, यो लगवीचा जो रोग हाय, त्यानं पोरां आदीच भायेर येतात, ये तुमाला कदीपासून म्हाईत हाय?”

“खूप जुनी गोष्ट आहे, आजी.”

“म्हंजी किती जुनी? माज्या वेलेला म्हाईत व्हती?”

डॉक्टर वळून परत खाटेपाशी आली. “हो. तेव्हाही माहीत होती.”

सासूने मान हलवली. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेली. सासू मुलीच्या कानामागे लंगोटाच्या टोकाने पुसत राहिली, आणि तिच्याकडेच बघत बोलायला लागली.

“तुज्या नवऱ्याच्या आदी मला दोन झाली. दोनीपन सातव्यात, दोनीपन गेली. एक तर रडलीपन. मी सकाली पाटी गेऊन गेली आनि दुपारी पोर गेऊन आली, असा झाला. मंग गरात सगली बोलायला लागली, हिच्याच पोटात खोट हाय. माजी आयसपन बोलायची. मीपन तसाच समजून व्हती. तुजा नवरा झाला तरी समजून व्हती.”

हे मला नवऱ्याने कधी सांगितलं नव्हतं. त्याला माहीत असेल असं वाटत नाही. तिने मुलीला माझ्याकडे दिलं, लुगडं सारखं केलं, आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

“मंग माजा पोट चांगला व्हता ना गो?”

त्या दोघांना नेमकं काय झालं होतं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. ती डॉक्टरही सांगू शकली नसती. हे मला पक्कं ठाऊक होतं.

“हो आई,” मी म्हटलं. “चांगलंच होतं.”